बालशिक्षण, वनप्रदेशातील

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे). औपचारिक शाळेत जाण्यापूर्वीच्या, म्हणजे सामान्यतः अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शारीरिक, बौद्धिक, भावनिक व सामाजिक विकासासाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षणास बालशिक्षण किंवा शिशुशिक्षण असे म्हणतात. महाराष्ट्रातील या शिक्षणाच्या आधुनिक स्वरूपावर इटालियन शिक्षणशास्त्रज्ञ मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा ठसा स्पष्टपणे आढळतो. हा विचार प्रथम शहरांत रुजला. पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत त्याला ग्रामीण रूप मिळाले आणि अंगणवाडीच्या द्वारे तो पूर्व विदर्भातील वनप्रदेशापर्यंत पोहोचला. या प्रवासात साधने बदलली, जागा बदलली. बालकाने स्वतःच्या हातांनी काम करून शिकावे हे सूत्र मात्र कायम राहिले. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना हे सूत्र अपरिचित नव्हते. तेथील खेड्यांतील मूल घरात, अंगणात, खळ्यावर आणि रानात मोठ्यांच्या सोबतीने लहानमोठे काम करीतच वाढते, आणि हिवाळा हा या शिक्षणाचा सर्वांत समृद्ध काळ असतो. घरच्या या शिक्षणाची शाळेच्या शिक्षणाशी गाठ कितपत पडली, हा येथील बालशिक्षणाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

प्रदेश व ऋतुमान : महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील हा प्रदेश पूर्वी चांदा या एकाच जिल्ह्यात मोडत असे. १९६४ मध्ये चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा फार मोठा भाग वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक होते. गोंड, माडिया व परधान या येथील प्रमुख जमाती होत. वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या मोठ्या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले यांमुळे पावसाळ्यात अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. भामरागड येथे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होणे ही नेहमीची बाब आहे. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्याही वर जाते. त्याच काळात मोहफुले वेचणे आणि नंतर तेंदूपाने तोडणे यांसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पहाटेपासून रानात असतात.

या दोन ऋतूंच्या तुलनेत हिवाळा बालकाला अनुकूल असतो. वाटा मोकळ्या होतात, धान घरी येते, रानात खाण्याजोगी फळे असतात आणि दिवसभर उघड्यावर वावरणे सुखकर असते. रात्री व पहाटे मात्र कडाक्याची थंडी पडते. त्यामुळे दिवसाची सुरुवात शेकोटीभोवती, मध्य उन्हात आणि शेवट पुन्हा शेकोटीभोवती, असा बालकाच्या दिनक्रमाचा आकार ठरतो. पूर्व विदर्भातील धानपिकाचा हा पट्टा झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो व त्याची झाडीबोली ही मराठीची एक स्वतंत्र छटा असलेली बोली आहे.

माँटेसरी विचार व त्याचे भारतातील आगमन : मारिया माँटेसरी (३१ ऑगस्ट १८७०–६ मे १९५२) यांनी १८९६ मध्ये रोम येथे वैद्यकाची पदवी मिळविली. मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर केलेल्या कामातून त्या शिक्षणाकडे वळल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकळी हिंडणारी मुले हे त्यांचे पहिले विद्यार्थी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे ही पद्धती सुखवस्तू कुटुंबांची म्हणून ओळखली जाऊ लागली.

बालकाचे मन परिसरातून सर्व काही आपोआप शोषून घेते. भाषा, क्रम, हालचाल यांसाठी त्याच्या आयुष्यात विशिष्ट संवेदनशील कालखंड असतात. आणि योग्य परिसर मिळाल्यास ते स्वतःहून एकाग्रतेने काम करते, हे माँटेसरींचे मूलभूत सिद्धांत होत. त्यांच्या शाळेतील कामाचे चार भाग पडतात : दैनंदिन जीवनव्यवहार, ज्ञानेंद्रियांचे शिक्षण, भाषा आणि गणित. ओतणे, पुसणे, झाडणे, निवडणे, बटणे लावणे यांसारखी घरगुती कामे पहिल्या भागात येतात. दुसऱ्या भागासाठी त्यांनी विशेष साधने तयार केली. उदा., एक सेंमी. पासून दहा सेंमी. पर्यंत बाजू असलेल्या दहा घनांचा मनोरा. एखादा घन चुकीच्या जागी बसला तर ते मुलाला स्वतःलाच दिसते. चूक दाखविण्याचे काम साधन करते, शिक्षिका नव्हे.

भारतात या विचाराचा पाया गुजरातमध्ये घातला गेला. गिजुभाई बधेका (१५ नोव्हेंबर १८८५–२३ जून १९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. माँटेसरी भारतात आल्या, त्याच्या काही महिने आधीच गिजुभाईंचे निधन झाले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या परिसरात माँटेसरींचा पहिला भारतीय अभ्यासवर्ग भरला. दुसऱ्या महायुद्धात इटली उतरल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांचे पुत्र मारिओ यांना १९४० मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे स्थानबद्ध करण्यात आले. माँटेसरींच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. पुढे कोडाईकानल येथील वास्तव्यात (१९४२–४४) माँटेसरींनी आसपासच्या झाडाझुडपांच्या व प्राण्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला मुलांच्या शिक्षणात मोठे स्थान दिले. महागड्या लाकडी साधनांच्या पलीकडे निसर्ग हेच साधन, ही त्या काळातील दिशा वनप्रदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्यांच्या भारतातील व्याख्यानांवर आधारलेला शोषक मनाविषयीचा ग्रंथ १९४९ मध्ये अड्यार येथेच प्रसिद्ध झाला.

वर्ध्याचा प्रयोग : महात्मा गांधी व माँटेसरी यांची भेट १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये झाली होती. बालकाविषयीच्या श्रद्धेत दोघांचे मत जुळत असले, तरी भारतातील गरीब खेड्यांना परवडेल असे शिक्षण कोणते, हा गांधीजींपुढील प्रश्न होता. चंद्रपूरला लागून असलेल्या वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची नयी तालीम योजना मांडली गेली. १९४५ मध्ये या योजनेची व्याप्ती वाढवून ती जन्मापासून अखेरपर्यंतच्या शिक्षणाची कल्पना बनली आणि सात वर्षांखालील मुलांसाठी पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार पुढे आला. सेवाग्राम येथे त्याचे प्रत्यक्ष प्रयोग झाले. स्वच्छता, पाणी भरणे, धान्य निवडणे, कापूस वेचणे व पिंजणे, बागकाम ही कामे तेथे शिक्षणाचा भाग मानली जात. माँटेसरींनी घरगुती कामाला शिक्षणाची साधना मानले होते. सेवाग्रामने ते काम खरोखरीच्या गरजेशी जोडले.

बोर्डी ते कोसबाड : महाराष्ट्रातील ग्रामीण व आदिवासी बालशिक्षणाचे श्रेय प्रामुख्याने ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२–३१ ऑगस्ट १९७३) व अनुताई वाघ (१७ मार्च १९१०–२७ सप्टेंबर १९९२) यांना दिले जाते. ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाईंबरोबर काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली; शिक्षणपत्रिका या नियतकालिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ मध्ये सुरू केली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. शहरातील या कामानंतर त्यांनी १९४५ मध्ये ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई त्याच वर्षी त्यांच्यासमवेत आल्या.

बोर्डीत प्रारंभी दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीकडे येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. यातूनच अंगणवाडी ही कल्पना व हा शब्द रूढ झाला. मुलांचा दिवस नखे कापणे, आंघोळ, केस विंचरणे यांनी सुरू होई. लाकडी साधनसंचाऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची भांडी, बांबूचे तुकडे यांचा उपयोग होऊ लागला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हा प्रयोगही येथलाच. मुले शाळेत येऊ शकत नसतील, तर शाळेने कुरणात जावे हे त्यामागील तत्त्व होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

कोसबाडच्या अनुभवातून निघालेला निष्कर्ष असा, की मुलाला शाळेच्या वेळेत बसविण्याआधी शाळेने मुलाच्या वेळेत बसले पाहिजे. या निष्कर्षाची खरी कसोटी पुढे पूर्व विदर्भात लागली.

वनजिल्ह्यांतील संस्था : बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोड्याजवळ आनंदवनाच्या कामाला प्रारंभ केला. त्यांच्याच प्रेरणेने २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तेथे प्रथम वैद्यकीय सेवा उभारली आणि १९७६ मध्ये माडिया मुलांसाठी निवासी शाळा काढली. शासकीय व अनुदानित आश्रमशाळांचे जाळेही याच दशकांत पसरत गेले. या शाळा सहा वर्षांपुढील मुलांसाठी असल्याने त्यापूर्वीची वर्षे मुलाच्या घराकडेच राहिली, आणि शाळेची पहिली भेट ही बहुधा घरापासूनच्या पहिल्या ताटातुटीबरोबरच घडत गेली.

सहा वर्षांखालील मुलांसाठी व्यापक योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी आली. एकात्मिक बालविकास सेवा योजना या नावाने ती प्रथम देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, मातांसाठी आहार व आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. तिच्या केंद्रासाठी अंगणवाडी हेच नाव देशभर रूढ झाले. पुढे ही योजना चंद्रपूर व गडचिरोलीच्या गावांतही पोहोचली आणि एक सेविका व एक मदतनीस यांच्या बळावर वनप्रदेशात बालशिक्षणाचे नियमित केंद्र उभे राहिले. दुर्गम भागात ही दोघीच बहुधा गावातील एकमेव शासकीय कर्मचारी असतात. वजन, आहार, नोंदवह्या यांचा भार मोठा असल्याने सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा मागे पडते, ही या योजनेविषयीची जुनी तक्रार येथेही लागू पडते.

हिवाळ्यातील बालजीवन व त्यातील शिक्षण : या प्रदेशातील हिवाळा धानाच्या कापणीने सुरू होतो. हलके धान दिवाळीच्या आगेमागे, तर भारी धान त्यानंतर हाती येते. कापलेल्या धानाचे भारे बांधून पुंजणे रचतात, मग खळ्यावर चुरणी होते व उरलेली तणस गुरांसाठी रचून ठेवतात. आई भारे उचलीत असता तीन-चार वर्षांचे मूल बांधीत सांडलेल्या लोंब्या वेचते, चिमणी-पाखरे हाकते, पाण्याचा लहान गडवा नेऊन देते. त्याला कोणी काम सांगत नाही. ते मोठ्यांचे पाहून करते. माँटेसरींच्या शाळेत दैनंदिन व्यवहाराची जी साधने मुलाच्या मापाची बनवून घ्यावी लागतात, ती येथे घरातच असतात. लहान टोपली, लहान सूप, लहान घागर ही आदिवासी व शेतकरी घरांतील नित्याची वस्तू आहे. फरक इतकाच, की येथील टोपलीत आलेल्या लोंब्या संध्याकाळी प्रत्यक्ष कणगीत पडतात. मुलाचे काम घराला उपयोगी पडले, हे मुलाला कळते.

ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाला रानासारखी दुसरी शाळा नाही. हिवाळ्यात बोरे, आवळे व पुढे चिंचा येतात. कोणते बोर गोड, कोणते अळी पडलेले, हे मूल रंग, स्पर्श व वास यांवरून ठरविते. आवळा आधी तुरट लागतो व वर पाणी प्याल्यास गोड वाटतो, हा त्याचा स्वतःचा शोध असतो. साग, मोह, ऐन, पळस, तेंदू यांची पाने आकार, कड व शिरा यांवरून ते ओळखते. अंधारात पानावरून बोट फिरवूनही सागाचे खरखरीत पान सांगते. माँटेसरींनी खरखरीत व गुळगुळीत पृष्ठांच्या पट्ट्या करून जो अभ्यास घडविला, तोच हा होय. पळसाची पाने काड्यांनी टाचून द्रोण व पत्रावळी बनविताना बोटांची जी चिमटीची पकड तयार होते, तीच पुढे लेखणी धरण्यास उपयोगी पडते. या कामात साधनच चूक दाखविते. टाका सैल पडला तर द्रोण गळतो.

गणनाची सुरुवातही याच ऋतूत होते. खळ्यावर धान पायलीने मोजले जाते, कुडव व खंडीचा हिशेब मोठ्याने चालतो आणि मुले ती लय ऐकतात. जुन्या मापांचा व्यवहार आता आटोक्यात आला असला, तरी घरगुती मोजणीत ती टिकून आहेत. एकात एक बसणाऱ्या टोपल्यांची व मडक्यांची उतरंड हा लहानमोठेपणाचा क्रम शिकविणारा तयार मनोराच होय. चिंचोके, बिया व गोट्या यांचे खेळ जोडी, वाटणी व शिल्लक या कल्पना देतात. तान्ह्या व लहान मुलांना संक्रांतीच्या सुमारास घालण्यात येणारे बोरन्हाण हा मराठी कुटुंबांतील संस्कार; त्यात डोक्यावरून ओतलेली बोरे, उसाचे तुकडे व इतर खाऊ वेचताना मुलांची एकच गर्दी उडते आणि मग ज्याने त्याने आपापले वेचलेले मोजण्याचा प्रसंग ओघानेच येतो.

भाषेचे शिक्षण शेकोटीभोवती होते. रात्र मोठी असते, उजेड जाळाचाच असतो आणि आजी-आजोबांना वेळ असतो. पशुपक्ष्यांच्या कथा, कोडी, वंशाच्या व देवतांच्या कथा, कोणत्या नाल्याला ते नाव का पडले याची हकिकत, हे सारे मूल जाळाकडे पाहत ऐकते. अग्नीजवळ किती अंतरावर बसावे, लाकूड कोठे धरावे, वारा कोणत्या बाजूने येतो, हे सुद्धा ते तेथेच शिकते. माडिया व गोंड समाजातील गोटुल ही संस्था त्याहून मोठ्या मुलामुलींची. व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर १९४७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील रूप व गडचिरोलीतील रूप सारखे नाही. तथापि मोठ्यांनी लहानांना, पुस्तकाविना, नृत्य, गीत, शिस्त व श्रम यांतून शिकवावे हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. रेला नृत्यात फेराच्या टोकाला धरून चालणारे पाच-सहा वर्षांचे मूल ताल व पाऊल चुकत चुकत शिकते आणि त्याची चूक कोणी मोजीत नाही.

झाडीपट्टीतील हिवाळा हा लोककलांचाही हंगाम आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, दंडार रंगते आणि वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळ्यांचे प्रयोग रात्रभर चालतात. प्रेक्षकांत पुढे बसलेली, आईच्या लुगड्यात गुरफटलेली मुले मध्येच झोपतात, पुन्हा जागी होतात. दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांचेच नाटक चालते. अनुकरणाचा हा खेळ भाषा, स्मरण व समाजभान यांचे एकत्रित शिक्षण देतो.

भाषेचा प्रश्न : गोंडी ही द्राविड भाषाकुलातील भाषा असून २०११ च्या जनगणनेनुसार भारतात तिचे सुमारे २९.८४ लाख भाषिक होते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. घरी उंदी, रंड, मुंद असे मोजणारे गोंड मूल पहिलीत बसताच त्याला एक, दोन, तीन विचारले जातात. ते गप्प राहिले, तर त्याला मोजता येत नाही असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः त्याला संख्या येत असते. शिक्षकाची भाषा येत नसते. सिरोंचा भागात तेलुगूचा, काही वसाहतींत बंगालीचा आणि पूर्वसीमेवर छत्तीसगढीचा व्यवहार असल्याने एकाच जिल्ह्यात हा प्रश्न अनेक रूपांनी उभा राहतो. भाषेसाठीचा संवेदनशील कालखंड जन्मापासून सुमारे सहा वर्षांपर्यंत असतो, हे माँटेसरींचे मत लक्षात घेता, नेमक्या याच वयात मुलाची भाषा तोडल्याने होणारी हानी मोठी ठरते. गावातीलच स्त्री सेविका असली, तर अंगणवाडीत ही हानी टळते. या दृष्टीने अंगणवाडी आश्रमशाळेच्या पुढे आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली व तिच्या नावात गोटुल हा शब्द मुद्दाम घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे.

आरोग्य व स्थलांतर : हिवाळा बालकाला अनुकूल असला, तरी तो निर्धोक नाही. अपुरे कपडे, धुराने भरलेली झोपडी व कुपोषण यांमुळे लहान मुलांना श्वसनविकार जडतात. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे मिनिटातील श्वास मोजावे लागतात. परंतु दाईंना मोठी संख्या मोजता येत नसे. त्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले एक साधे साधन तयार करण्यात आले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी ठराविक मणी सरकले तर आजार समजायचा. मूर्त वस्तूच्या आधाराने अमूर्त संख्या हाताळण्याचे माँटेसरींच्या मण्यांमागील तत्त्व येथे निरक्षर दाईच्या हातात जीव वाचविणारे ठरले. याच संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल जगले तरच ते शिकणार, ही येथील बालशिक्षणाची पहिली अट आहे.

दुसरी अडचण स्थलांतराची. धान हाती आल्यावर ज्यांच्याकडे पुढील पीक नाही, अशी अनेक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणाकडे जातात व लहान मुले अर्थातच आईबापांबरोबर जातात. म्हणजे शिक्षणाला जो ऋतू सर्वांत सोयीचा, त्याच ऋतूत काही मुले गावातून नाहीशी होतात. मिरचीच्या शेताच्या बांधावर झोळीत वा सावलीत बसलेल्या मुलाला आजी नाही, शेकोटीची गोष्ट नाही आणि अंगणवाडीही नाही. कोसबाडच्या कुरणशाळेचे तत्त्व येथे लावायचे, तर शाळेला राज्याची सीमाही ओलांडावी लागेल.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील शहरांत ‘माँटेसरी’ हा शब्द कोणत्याही शिशुशाळेला लावला जातो; तेथे बहुधा पाटीवरचे अक्षर लवकर गिरवून घेणे एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. वनप्रदेशात हा शब्द फारसा ऐकू येत नाही, परंतु त्यामागील आशय तेथील जीवनात अधिक आढळतो. म्हणून येथील परंपरागत बालजीवन आदर्श होते असे समजणे मात्र योग्य नाही. त्यात भूक होती, टाळता येण्याजोगे मृत्यू होते, आणि लहानग्यांना सांभाळण्यासाठी घरी थांबल्याने शाळेला मुकलेल्या मोठ्या बहिणी होत्या. लिपी व लिखित गणित त्या जीवनातून आपोआप मिळत नाही. आणि कर्जाचा कागद, मजुरीचा हिशेब व वनहक्काचा दावा वाचता न येणे किती महागात पडते, याचा अनुभव या प्रदेशाने पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. शाळा हवी, याबद्दल तेथील आईबापांचे दुमत नाही.

प्रश्न आहे तो शाळेने मुलाला कोठून पुढे न्यावे याचा. सहाव्या वर्षी शाळेत येणारे वनप्रदेशातील मूल पंचवीस-तीस झाडे ओळखते, द्रोण टाचते, जाळ पेटता ठेवते, धाकट्या भावंडाला सांभाळते आणि बहुधा दोन भाषा समजते. शाळेच्या पटावर यांपैकी कशाचीही नोंद होत नाही. त्याला काही येत नाही असे गृहीत धरूनच पहिला धडा सुरू होतो. ताराबाई व अनुताईंनी बोर्डीच्या अंगणात शंख-शिंपल्यांपासून गणित सुरू केले, ते याच गृहीताला दिलेले उत्तर होते. जेथे अंगणवाडीची सेविका गावचीच आहे, तिला मुलांची भाषा येते आणि कापणीच्या दिवसांत ती मुलांना घेऊन खळ्याशेजारी उन्हात बसू शकते, तेथे रोमच्या गरीब वस्तीत सुरू झालेला विचार आपल्या मूळ हेतूच्या सर्वांत जवळ पोहोचला आहे, असे म्हणता येईल. अशा सेविकेला नोंदवह्यांतून पुरेसा वेळ, योग्य प्रशिक्षण आणि पुरेसे मानधन मिळणे यावर या प्रदेशातील बालशिक्षणाची पुढील वाटचाल अवलंबून आहे.